कौलारू छपरावर नवे धुराडे : पावसाआधी करावयाची कामे

कोकणातील बेकरीच्या धंद्यात आमची माणसे पुष्कळ आहेत. भट्टी बांधणारा गवंडी, छपराचा सुतार आणि पत्रेकाम करणारा कारागीर हेही अनेक गावांत आपल्यातलेच असतात. भट्टी नवी बांधली की धुराडेही नवे उभे राहते आणि ते मंगलोरी कौलांच्या छपरातून वर काढावे लागते. काम बहुधा एप्रिल-मे महिन्यात होते. जून कसाबसा निभावतो. जुलै लागला की तक्रार येते, "चिमणीच्या कडेने पाणी येते." मग कोणी सिमेंट लिंपतो, कोणी डांबर ओततो, कोणी ताडपत्री बांधतो, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा.

हे पाणी का येते आणि पहिल्याच वेळी ते कसे थांबवावे, याचा विचार या लेखात करू.

प्रथम आम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात ओळखीच्या बेकरीवाल्यांनी मे महिन्यात नवे धुराडे बांधून घेतले. बांधकाम देखणे होते. धुराड्याच्या चारी बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत वाटा केलेला होता, मागच्या बाजूस जस्ती पत्राही टाकलेला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत धुराड्यामागच्या कोठीत पाणी उतरले आणि मैद्याची सात पोती भिजली. गवंडी म्हणाला, सुताराच्या रिपा खाली बसल्या. सुतार म्हणाला, गवंड्याचे सिमेंट तडकले. पत्रेवाला म्हणाला, माझा पत्रा शाबूत आहे. तिघेही खरे बोलत होते आणि पाणी येतच होते.

पाऊस उघडल्यावर आम्ही शिडी लावून वर गेलो. मागच्या पत्र्याची वरची कड कौलांच्या खाली सारायला हवी होती, ती कौलांच्या वर ठेवून सिमेंटने चिकटविली होती. वरून येणारे पाणी त्या सिमेंटवर आदळत होते, फटीतून पत्र्याखाली शिरत होते आणि रिपेवरून सरळ कोठीत उतरत होते. पत्रा खरोखरच शाबूत होता. तो चुकीच्या जागी होता, एवढेच.

त्या गृहस्थांनी सातही पोती धंद्यातून काढून टाकली. वरवर कोरडा दिसणारा मैदा चाळून मिसळता आला असता, तसा सल्ला देणारेही भेटले. बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही हे स्पष्ट केले. हदीस सही मुस्लिममध्ये आहे. ती माल विकणाऱ्याला लागू आहे आणि आमच्या मते गिलाव्याखाली खोट झाकणाऱ्या कारागिरालाही लागू आहे.

आता मूळ कारण पाहू. धुराडे भट्टीवर किंवा स्वतःच्या पायावर उभे असते. ते तापते तेव्हा फुगते, निवते तेव्हा आखडते. छप्पर लाकडाचे असते. पावसात लाकूड फुगते, उन्हाळ्यात सुकते, वाऱ्याने हलते आणि कौलांच्या भाराने हळूहळू वाकते. या दोन वेगवेगळ्या हालचाली करणाऱ्या वस्तूंच्या मध्ये आपण ताठ सिमेंट भरतो. ते तडकणारच. तडा केसाएवढा असला तरी पुरतो, कारण बारीक फटीत पाणी स्वतःहून ओढले जाते. डांबर ओतले तर ते उन्हाळ्यात वितळून खाली सरकते, काही वर्षांत वाळून भेगाळते, आणि धुराड्याची ऊब ते काम आणखी लवकर करते.

म्हणून सांधा दोन तुकड्यांत करावा. एक पत्रा छपराशी बांधलेला, त्याची कड धुराड्याला टेकून वर उभी राहिलेली. दुसरा पत्रा धुराड्याच्या दर्जात रोवलेला आणि पहिल्यावर पदरासारखा खाली आलेला. दोघांना एकमेकांशी खिळा नाही, डाख नाही. छप्पर दोन सूत खाली बसले तरी पदर तिथेच राहतो आणि पाणी आत जात नाही. ही एक गोष्ट समजली तर बाकीचे तपशील कारागीर स्वतःच शोधून काढतो.

जागा आणि लाकूड

धुराडे आढ्याच्या जितके जवळ निघेल तितके चांगले. ते छपराच्या मध्यावर किंवा वळचणीजवळ निघाले तर वरचे सारे पाणी त्याच्या पाठीवर येते. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. धुराडे २ फूट रुंद आणि त्याच्या वर आढ्यापर्यंत आडवे मोजून १२ फूट छप्पर असेल, तर २४ चौरस फूट, म्हणजे सुमारे सव्वादोन चौरस मीटर जागेचे पाणी धुराड्याच्या पाठीवर येणार. दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला तर सुमारे सव्वादोनशे लिटर, पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या पुढे जातो, तेव्हा असे दिवस नवलाचे नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला. त्या हिशेबाने त्याच धुराड्याच्या पाठीवर दोन हजार लिटरांहून अधिक पाणी आले असते.

भट्टीची जागा ठरविताना वर मान करून छपराकडे पाहणारा मालक आम्हाला क्वचितच भेटला आहे. भट्टी दोन हात सरकविण्याने धुराडे आढ्याजवळ येत असेल, तर ती कागदावर असतानाच सरकवावी.

धुराडे दोन वाशांच्या मध्ये काढावे. वासा कापावाच लागला तर त्याला दोन्ही बाजूंच्या वाशांवर आडवा तुकडा टाकून नीट आधार द्यावा. बांधकामाच्या धुराड्यापासून लाकूड चारी बाजूंनी किमान २ इंच दूर असावे आणि ती फट मोकळी ठेवावी. तीत लाकडाचा भुसा, थर्मोकोल, पोत्याचे तुकडे काहीही भरू नये. वर्षानुवर्षे ऊब लागलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेवर पेट घेते. गळतीने पोती भिजतात, पण या चुकीने घर जाते. उंचीबाबत कारागिरांचा नेहमीचा नियम असा : जिथे धुराडे छपरातून निघते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. याहून आखूड धुराड्यात वारा उलटतो आणि भट्टी धुमसते.

ज्यांच्या बेकऱ्या मुंबईत आहेत त्यांनी नव्या धुराड्याला हात घालण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळशावरील भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. गॅसच्या भट्टीलाही धूरमार्ग लागतो, पण त्याचे माप वेगळे असते. आधी इंधन ठरवावे, मग विटा आणाव्यात.

पत्रा कोणता?

सर्वांना माहीत असलेला जस्ती पत्रा स्वस्त आहे आणि त्याला डाख सहज लागतो. २४ गेजपेक्षा पातळ घेऊ नये. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे दुकानात गेल्यावर मालक हमखास विसरतो.) समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याने आणि धुराच्या काजळीने त्याचे जस्त लवकर जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी रंग देऊनच बसवावा. डाख देताना वापरलेला तेजाब काम झाल्यावर भरपूर पाण्याने धुवावा. तो राहिला तर सांध्याजवळच पत्रा खातो आणि दोष पत्र्याच्या दुकानदारावर येतो.

शिशाचा पत्रा या कामाला सर्वांत चांगला. तो मऊ असतो, लाकडी हातोडीने ठोकून कौलाच्या उंचसखल अंगावर हुबेहूब बसतो. पण महाग आहे, जड आहे, चोरीला जातो. एकाच लांब तुकड्यात लावला तर उन्हाने ताणून फाटतो, म्हणून पाच फुटांपेक्षा लांब तुकडा घेऊ नये. शिसे विषारी आहे. काम केल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये, आणि अशा छपराचे पाणी पिण्यासाठी साठवू नये.

ॲल्युमिनियमला ओला चुना व ओले सिमेंट खातात. ते लावायचेच असेल तर दर्जात जाणारी कड आधी डांबराने माखावी. तांबे टिकते, परंतु तांब्यावरून वाहिलेले पाणी खालच्या जस्ती पन्हळीवर पडले तर पन्हळ सडते. स्टेनलेस पत्रा कडक आणि दमदार असतो, पण त्याला डाख देणे प्रत्येकाला जमत नाही. अलीकडे डांबराची, वर चकचकीत थर असलेली चिकटपट्टी मिळते. ती एका पावसापुरती मलमपट्टी आहे. नव्या कामात पत्र्याऐवजी ती लावणाऱ्याला आम्ही काम देणार नाही.

चार बाजू

बसविण्याचा क्रम नेहमी खालून वर असावा. खालचा तुकडा आधी, वरचा त्याच्यावर. छपराचे पाणी उताराकडे जाते, म्हणून प्रत्येक सांध्यात वरचा पत्रा खालच्यावर चढलेला हवा. कौले लावताना आपण हेच करतो, मग पत्र्यात का विसरतो, कोण जाणे.

पुढची, म्हणजे उताराकडची बाजू सोपी. पत्रा धुराड्यावर ६ इंच उभा आणि खालच्या कौलांवर किमान ६ इंच आडवा, दोन्ही अंगांना धुराड्यापेक्षा चार-सहा इंच जास्त. येथे पत्रा कौलांच्या वर येतो. मंगलोरी कौल सपाट नसते, त्यामुळे जस्ती पत्र्याची खालची कड कौलाच्या आकाराप्रमाणे कातरून वाकवावी, नाहीतर पश्चिमेच्या वाऱ्याने पावसाची फवार त्याखाली शिरते.

बाजूंना छुपी पन्हळ करावी. धुराड्याला लागून ४ इंच रुंद पत्रा, त्याखाली फळीचा आधार. एक कड धुराड्यावर ६ इंच उभी. दुसरी कड कौलांखाली, टोकाला इंचभर उलटी दुमडलेली, म्हणजे पाणी कडेवरून पलीकडे उडी मारणार नाही. हे दुमडणे टाळण्याकडे पुष्कळांचा कल असतो आणि तेथूनच पाणी जाते. पन्हळीचे खालचे तोंड पुढच्या पत्र्यावर सुटले पाहिजे. कौले धुराड्याला भिडवू नयेत, दीड-दोन इंच फट ठेवावी, नाहीतर आंब्याची पाने आणि काजळी अडकून पन्हळ तुंबते. कापलेल्या कौलाचा रिपेला अडकणारा खालचा दात जातो, तेव्हा त्याला भोक पाडून तांब्याच्या तारेने रिपेला बांधावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा किती घरांची कौले उडाली हे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बांधवांना सांगायला नको. सुटी ठेवलेली कापीव कौले वाऱ्याला आधी सापडतात.

मागची बाजू सर्वांत अवघड, आणि वर सांगितलेल्या बेकरीत चूक तेथेच झाली. येथे धुराडे आणि वरून येणारे कौल यांच्या मध्ये किमान ६ इंच रुंद पन्हळ हवी, इतकी की हात घालून कचरा काढता येईल. पत्रा धुराड्यावर ६ इंच उभा, आणि वरच्या बाजूला कौलांच्या खाली उतारावर मोजून किमान ९ इंच ते फूटभर, वरच्या रिपेवरून पलीकडे नेऊन टोक दुमडलेला. म्हणजे पन्हळ तुंबली तरी पाणी मागे चढून आत पडत नाही. पन्हळ सपाट ठेवू नये, मध्यातून दोन्ही अंगांना उतार द्यावा. धुराडे अडीच फुटांपेक्षा रुंद असेल तर साधी पन्हळ पुरत नाही. मागे दोन उतारांचे छोटे छप्परच करावे, त्यावर पत्रा चढवावा, आणि पाणी दोन बाजूंना फाकवून द्यावे. कोपऱ्यांवर पत्रा कापून मोकळा सोडू नये, तुकडा जोडून डाख द्यावा.

चारी बाजू झाल्या की धुराड्याचा पदर. विटांच्या आडव्या दर्जात इंचभर खोल खाच काढावी, पत्र्याची दुमडलेली कड तीत बसवावी, शिशाच्या किंवा पत्र्याच्या छोट्या पाचरी ठोकून घट्ट करावी आणि मग दर्जा भरावा. बाजूंना छपराचा उतार असल्याने पदर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवावा, विटांच्या थरांप्रमाणे. हा पदर खालच्या उभ्या पत्र्यावर ३ ते ४ इंच आला पाहिजे. गिलाव्याच्या पृष्ठभागावर नुसता पत्रा ठेवून वरून सिमेंट मारणे म्हणजे पदर नव्हे. गिलावा सुटला की पत्रा सुटतो.

जांभ्याच्या चिऱ्याचे धुराडे असेल तर आणखी एक पायरी. चिरा सच्छिद्र असतो. पाणी चिऱ्यात वरून मुरते, पत्र्याच्या मागून खाली उतरते आणि आत भिंतीवर ओल दिसते. मालक पत्रेवाल्याला बोल लावतो, पण पत्रेवाला निर्दोष असतो. म्हणून छपराच्या वरचा भाग भाजलेल्या पक्क्या विटांचा करावा, किंवा चिऱ्याला बाहेरून चांगला गिलावा करावा. बांधतानाच पदराच्या पातळीवर धुराड्याच्या सर्व जाडीतून पत्र्याचा थर घालून त्याची बाहेरची कड पदरावर काढली तर उत्तम. हे नंतर करता येत नाही.

माथ्यावर काँक्रीटची टोपी घालावी, चारी बाजूंना २ इंच पुढे आलेली, वरून बाहेर उतार असलेली. तिच्या खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत एक खाच ओढावी. पाणी खाचेशी येऊन गळून पडते, भिंतीवर ओघळत नाही. धूर निघण्याच्या तोंडावर पावसाचे छत्र लावायचे तर तोंडाच्या रुंदीइतके अंतर सोडून लावावे. छत्र खाली बसविले की भट्टी ओढत नाही.

लोखंडी नळाची चिमणी

हॉटेल, तंदूर किंवा छोट्या भट्टीला पुष्कळदा नुसता नळ असतो. त्याला शंकूच्या आकाराचा पत्रा करावा, खाली चौकोनी तळपत्रा. तळपत्र्याची वरची कड कौलांखाली आणि खालची कड कौलांवर, वर सांगितलेला तोच नियम. शंकू नळाला जोडू नये, कारण नळ तापून लांबतो. शंकूच्या तोंडावर नळालाच एक घागऱ्यासारखी पट्टी आवळावी, ती पाणी बाहेर टाकते. नळाच्या सांध्यांना डाख चालत नाही. नेहमीचा कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो आणि नळ त्यापेक्षा सहज अधिक तापतो. तेथे घडी आणि रिव्हेटच हवे. एकेरी पत्र्याचा नळ लाकडापासून २ इंचांवर ठेवणे पुरेसे नाही, दीड फूट तरी मोकळे ठेवावे.

तपासणी आणि मोबदला

काम मृगाच्या आधी किमान दोन आठवडे पुरे व्हावे. सिमेंटला सात दिवस ओल्या पोत्याने पाणी द्यावे लागते आणि नंतर पाण्याची परीक्षा घेण्यास वेळ हवा. परीक्षाही खालून वर घ्यावी. प्रथम पुढच्या पत्र्यावर दहा-पंधरा मिनिटे नळीने पाणी सोडावे, आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा राहील. आत कोरडे राहिले तर बाजूंवर, मग मागे, शेवटी धुराड्याच्या अंगावर. एकदम वरून पाणी ओतले तर गळती समजते, जागा समजत नाही.

या कामात गवंडी, सुतार आणि पत्रेवाला असे तिघे येतात आणि सांधा कोणाचाच नसतो. म्हणून मालकाने तिघांपैकी एकाला सांध्याची जबाबदारी देऊन त्याचा वेगळा मोबदला ठरवावा आणि ते लिहून घ्यावे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, तरीही "आपलीच माणसे" म्हणून आपण लिहीत नाही आणि मग आपल्याच माणसांशी बोलणे बंद करतो. पहिल्या मोठ्या पावसापर्यंत काही रक्कम मागे ठेवायची असेल तर ती किती आणि केव्हा द्यायची हे काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या संमतीने ठरावे. नंतर मनात येईल तशी अडवू नये. रोजंदारीवर आलेल्या मजुराची मजुरी तर संध्याकाळीच द्यावी, सांधा गळो वा न गळो. सांधा त्याने ठरविलेला नसतो.

वर सांगितलेल्या बेकरीत शेवटी मागची चार ओळी कौले उतरवावी लागली. पत्रेवाल्याने चूक पाहिली, मान्य केली आणि दुसऱ्या पत्र्याचे पैसे घेतले नाहीत. मैद्याची भरपाई मालकाने मागितली नाही. ते धुराडे त्यानंतर गळलेले नाही. मात्र मालक दर वर्षी मे अखेरीस आणि गणपतीच्या सुमारास माणूस वर चढवून मागची पन्हळ झाडून घेतात. चढणारा फळी आडवी टाकून तिच्यावर चालतो, कौलावर पाय देत नाही.